गुडवाल्या पराठ्यासाठी पाकिटातली गूळ पावडर: चालते, पण थोडी साथ द्यावी लागते

पंजाबी घरांत थंडीत होणाऱ्या गुडवाल्या पराठ्यात भरतात ती 'शक्कर'. नावावर जाऊन साखर भरू नका. पंजाबीत शक्कर म्हणजे उसाच्या रसाचाच भुरभुरीत, रवाळ, किंचित ओलसर गूळ. आपल्याकडे तो सहसा मिळत नाही, म्हणून गाडी पाकिटातल्या गूळ पावडरीवर येते.

पावडरीचा मोठा फायदा म्हणजे खडे नसतात. ढेपेचा गूळ किसला तरी चार-दोन खडे राहतातच, आणि लाटताना पारी फाडतात ते तेच. चिकीचा गूळ तर घेऊच नका, पराठा गार होताच दातांना चिकटतो. पावडरीची खोड वेगळी: ती इतकी कोरडी आणि बारीक असते की लाटण्याचा दाब पडला की एका कडेला पळते, आणि तव्यावर सगळी एकदम वितळून तिथूनच बाहेर येते. त्यावर उपाय बेसनाचा. कोरडं, खमंग भाजलेलं बेसन वितळलेला गूळ धरून ठेवतं. गुळपोळीत बेसन घालतो ते याचसाठी. फक्त इथे सारण मळायचं नाही, सुटंच ठेवायचं. गरम पराठा मोडल्यावर आत पाक दिसला पाहिजे.

सात पराठ्यांचं माप: कणीक 250 ग्रॅम, चिमूटभर मीठ, एक मोठा चमचा तूप, पाणी साधारण 150 मिली. पोळीच्या कणकेइतकं सैल मळून 20 मिनिटं झाकून ठेवा. प्रत्येक पराठ्याला 60 ग्रॅमचा उंडा, 20 ग्रॅम पावडर, एक छोटा चमचा बेसन, थोडी भरडलेली बडीशेप.

मोदकासारखं तोंड बंद करून लाटलं तर मध्ये कणकेची गाठ राहते आणि गूळ कडेला जातो. पावडरीसाठी दोन पाऱ्यांची पद्धतच बरी. 30-30 ग्रॅमच्या दोन पाऱ्या तळहाताएवढ्या लाटा, एकीवर सारण पसरा, कडेचा दीड सेंटिमीटर मोकळा सोडून त्याला पाण्याचं बोट लावा, दुसरी ठेवून कडा दाबा. मग लाटणं दोन-तीनदाच, हलक्या हाताने. सारण अगदी कडेपर्यंत नेण्याचा गुळपोळीचा हट्ट इथे सोडा.

तवा मध्यम आचेवर. मंद आचेवर कणीक भाजेपर्यंत गूळ पातळ होऊन वाट शोधतो. मोठ्या आचेवर बाहेर डाग पडतात आणि आत पारी कच्ची. तूप पहिल्या उलटणीनंतरच सोडा आणि फुगलेला भाग उलथण्याने दाबू नका. गूळ गळलाच तर तो काळा पडायच्या आत खरवडून तवा ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पुढचे सगळे पराठे कडवट.

पाकीट घेताना घटकांत साखर नाही ना, ते वाचा. फार फिकट पिवळी पावडर टाळलेली बरी. रंग उजळायला गुळात हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट, रंग घालवणारं रसायन) घालतात. तपकिरी पावडरीची चवही जास्त खोल लागते. कोकणपट्टीत पावसाळ्यात उघडं पाकीट लवकर दगड होतं, तेव्हा लहानच घ्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ओता.

खरी शक्कर हाती लागली तर अर्थातच ती वापरा, बेसन निम्मं पुरतं. आणि तव्यावरून काढल्यावर दोन मिनिटं तरी थांबा, आतल्या पाकाचा चटका जिभेवर दिवसभर राहतो.