कळशी फुगडीचं चॅलेंज की गुप्तदान? टॅग झाल्यावर काय निवडायचं

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, थोडेच दिवस उरलेत आणि भाचीने मला टॅग केलं. चॅलेंज असं: कळशी घेऊन फुगडीचे दहा फेरे घ्यायचे, व्हिडिओ टाकायचा, पुढच्या तिघींची नावं घ्यायची आणि डायलिसिसवर असलेल्या रुग्णांसाठी पैसे द्यायचे. मुदत चोवीस तास. "मावशी, नाव घेतलंय तुझं, आता मागे सरायचं नाही हां," असा तिचा व्हॉइस मेसेज. त्याच संध्याकाळी शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "द्यायचं तर या हाताचं त्या हाताला कळू नये. नाचून कशाला दाखवायचं?"

मला दोघींचंही पटलं, म्हणूनच अडले. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या महिला मंडळाची मी चौदा वर्षं खजिनदार आहे. पावती पुस्तक माझ्या कपाटात असतं आणि वर्षाच्या शेवटी हिशेब मलाच वाचून दाखवावा लागतो. त्यामुळे दानाकडे मी खजिनदाराच्या नजरेनं बघते. कुणाला असंच आमंत्रण आलं असेल आणि ठरत नसेल, तर दोन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू.

पैसा कुठून जास्त येतो

एकरकमी मोठा पैसा उभा करायचा तर चॅलेंजला तोड नाही, हे मान्य करायला हवं. २०१४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेण्याची लाट आली. तो खेळ आधी वेगवेगळ्या संस्थांसाठी चालायचा. पॅट क्विन आणि पीट फ्रेट्स या दोन तरुणांमुळे तो एएलएस या आजाराशी कायमचा जोडला गेला. दोघांनाही तो आजार होता. त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात, माणूस हळूहळू हात, पाय, बोलणं, गिळणं आणि शेवटी श्वास गमावतो. त्या आधी हे नाव किती जणांनी ऐकलं होतं? फेसबुकवर १.७ कोटींहून जास्त व्हिडिओ पडले आणि अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे जेमतेम आठ आठवड्यांत ११.५ कोटी डॉलर जमा झाले.

या पैशाचं पुढे काय झालं, हे मला व्हिडिओंच्या संख्येपेक्षा महत्त्वाचं वाटतं. संस्थेने हिशेब जाहीर केला. ७.७ कोटी डॉलर संशोधनाला, २.३ कोटी रुग्णसेवेला, उरलेले जनजागृती आणि निधी गोळा करण्याच्या खर्चाला. २०१६ मध्ये एनईके१ या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध सापडला, त्या संशोधनात या पैशाचा वाटा होता. एका औषधाच्या विकासाला २२ लाख डॉलर दिले गेले. त्या औषधाला सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली, पण पुढच्या मोठ्या चाचणीत ते उपयोगी ठरलं नाही आणि एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने ते मागे घेतलं. हे वाचून मला वाईट वाटलं, पण पैसा वाया गेला असं मी म्हणणार नाही. संशोधनाला दिलेला पैसा असाच असतो, दहा दारं ठोठावावीत तेव्हा एक उघडतं. फ्रेट्स २०१९ च्या डिसेंबरमध्ये गेला, क्विन २०२० च्या नोव्हेंबरमध्ये. दोघांच्याही हयातीत बरं करणारं औषध आलं नाही.

आता दुसरी बाजू. २०१५ मध्ये तोच खेळ पुन्हा करायचा प्रयत्न झाला आणि आदल्या वर्षाच्या मानाने अगदीच थोडी रक्कम आली. लाट आली तशी ओसरली. आजार मात्र दरवर्षी तेवढ्याच माणसांना गाठतो. गुपचूप देणाऱ्याचं बळ इथे दिसतं. आमच्या गावातल्या एक निवृत्त शिक्षिका मंडळाच्या औषध निधीला दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे रुपये देतात. त्यांचा फोटो कुणी कधी पाहिलेला नाही, आणि त्या पाचशेच्या भरवशावर मी पुढच्या महिन्याची इन्सुलिनची ऑर्डर देऊ शकते. वृद्धाश्रम असो की डायलिसिस, तिथला खर्च दर महिन्याला दारात उभा असतो.

मिरवणं वाईटच का?

वहिनींचा मुद्दा इथे तपासून बघावासा वाटतो. आपण गोव्यातली माणसं, देवळाच्या पावणीत, म्हणजे देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात, वाढलेली. उत्सव संपत आला की देवाला वाहिलेली फळं सभामंडपात मांडतात. पुकारणारा केळीचा घड दोन्ही हातांनी उचलून धरतो. कुणीतरी पाचशे म्हणतो, कुणी सातशे. मागच्या खांबाला टेकलेले, उत्सवाला आलेले मुंबईकर एकदम दोन हजार म्हणतात आणि सगळ्या माना तिकडे वळतात. बाजारात दोनशेला मिळणारा घड. एक वार, दोन वार, तीन वार. लहानपणी मी वडिलांच्या मांडीवर बसून हे बघायचे आणि बोली चढली की माझ्याच छातीत धडधडायचं.

त्यात मिरवणं आहेच. दोन हजार म्हणणाऱ्याला सगळ्यांनी बघावं असं वाटतच असतं. पण तीन वार झालं रे झालं की समितीचे खजिनदार वहीत नाव, वस्तू आणि रक्कम लिहितात. बोली लावून हात झटकता येत नाहीत. पावणीत मिरवणं आणि देणं यांची गाठ पक्की असते, म्हणून कितीही मोठ्याने बोली लागली तरी देवळाला काहीच तोटा नाही. देवळाच्या फरशीवर कोरलेली नावंही तशीच, फरशी आधी बसते आणि नाव मागाहून कोरलं जातं.

आजकालच्या चॅलेंजमध्ये ही गाठ सुटू शकते, आणि माझी खरी तक्रार तेवढीच आहे. बर्फाच्या बादलीचा मूळ नियमच असा होता की चोवीस तासांत पाणी ओतून घ्या, नाहीतर शंभर डॉलर द्या. म्हणजे ओतून घेणारा सुटला! नशीब, की बऱ्याच जणांनी दोन्ही केलं.

गाठ बांधली की काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ब्रिटनचं आहे. मार्च २०१४ मध्ये बायका मेकअप न करता सेल्फी टाकू लागल्या, कर्करोगाच्या जागृतीसाठी म्हणून. टीका झाली की चेहरा दाखवून कर्करोगाचं काय भलं होणार? ही मोहीम कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेची नव्हती, पण संस्थेने ती पाहिली आणि एक शब्द व एक नंबर जाहीर केला. त्या नंबरवर तो शब्द एसएमएस केला की तीन पौंड जमा. सहा दिवसांत ८० लाख पौंड आले. सेल्फी त्याच, चेहरे तेच, फक्त खाली पैसे देण्याची वाट आली. काहींनी शब्द चुकीचा पाठवला आणि त्यांचे पैसे दुसऱ्याच संस्थेकडे निघाले, ते नंतर योग्य जागी वळवावे लागले. एका शब्दावर इतकं अवलंबून असतं.

हे मी आमच्याच मंडळात शिकले. दोन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या छपराची कौलं बदलायची होती. मुलींनी चॅलेंज काढलं, घरातलं एक जुनं पुस्तक डोक्यावर ठेवून चालायचं. व्हिडिओ आले २७, पावत्या फाटल्या ९. मला फार लागलं ते. मग शांतपणे सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले, तेव्हा चूक आमचीच निघाली. एकाही व्हिडिओत यूपीआयचा क्यूआर नव्हता, रक्कम नव्हती, पैसे कुणाकडे द्यायचे याचा उल्लेख नव्हता. मुलींनी मनापासून केलं होतं, आम्हीच त्यांना देण्याची वाट दाखवली नव्हती. पुढे दोन रविवार पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरलो, तेव्हा त्याच गावात ४३ पावत्या फाटल्या. त्यातली कितीतरी घरं म्हणाली, "हो हो, व्हिडिओ पाहिला होता." म्हणजे व्हिडिओने दार किलकिलं केलं होतं, आत जायला मात्र आमची चप्पल झिजवावी लागली.

उघड मिरवल्यावर माणूस पुढे हात आखडता घेतो का, यावर कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१४ साली शोधनिबंध लिहिला. युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ तिथे लाल खसखशीच्या फुलाची पिन लावतात. काहींना ती छातीवर लावायला दिली, काहींना पाकिटात घालून. पुढे मदत मागितली तेव्हा पाकिटातली पिन नेणाऱ्यांनी जास्त दिलं. पण अभ्यासकांना हेही दिसलं की ज्याला आपली मूल्यं आणि त्या कामाची मूल्यं एकच वाटतात, त्याच्या बाबतीत हा फरक पुसट होतो. भाचीचा डायलिसिसशी संबंध आहे, तिच्या सासऱ्यांना आठवड्यातून तीनदा न्यावं लागतं. तिच्या व्हिडिओला मी दिखावा म्हणूच शकत नाही.

कॅमेरा कुणावर आहे

इथे मात्र मी एका बाजूला ठाम उभी आहे. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोली, धारबांदोडा इथली घरं बुडाली. आम्ही भांडी आणि चादरी घेऊन एका वाड्यावर गेलो. तिथे आमच्या आधी एक गट आला होता. एक आजी तांदळाची पिशवी घेऊन घराकडे वळल्या होत्या, घर म्हणजे तेव्हा चिखलाने भरलेली चार भिंतींची जागा. तेवढ्यात एक मुलगा धावत आला, "आजी, रेकॉर्डिंग झालंच नाही, परत एकदा घ्या ना." आजींनी पिशवी परत त्याच्या हातात दिली, पदर सारखा केला आणि दुसऱ्यांदा हात पुढे केला. त्यांची नजर पूर्ण वेळ पिशवीच्या गाठीवर होती. मला ती नजर अजून दिसते.

पाणी वाया न जाता काही करता यावं म्हणून हैदराबादच्या पत्रकार मंजुलता कलानिधी यांनी ऑगस्ट २०१४ मध्ये राइस बकेट चॅलेंज सुरू केलं. बादलीभर तांदूळ गरजू माणसाला द्यायचे आणि फोटो टाकायचा. बर्फापेक्षा मला ही कल्पना कितीतरी आपली वाटते. पण ती उचलणाऱ्याने फोटोत बादली आणि स्वतःलाच ठेवावं, घेणाऱ्याला नको. देणाऱ्याने स्वतःला हवं तेवढं दाखवावं, तो त्याचा हक्क. घेणाऱ्याला नाही म्हणण्याची सोयच नसते.

या बाबतीत गुप्तदानाला शंभरपैकी शंभर गुण. पण गुप्तदानात एक पळवाटही असते, ती खजिनदारालाच दिसते. "मला गाजावाजा नको, मी नंतर गुपचूप देते," असं म्हणणारी सगळीच माणसं नंतर येत नाहीत. व्हिडिओ करून पैसे न देणारा आणि गुपचूप देतो म्हणून न देणारा, माझ्या वहीत दोघांचीही ओळ कोरीच असते.

तुम्ही ठरवताना

गरज एकदाची आणि मोठी असेल, आजार लोकांना माहीत नसेल किंवा तरुण मुलांना पहिल्यांदा देण्याच्या कामात ओढायचं असेल, तर चॅलेंज घ्या. गरज दर महिन्याची असेल किंवा घेणारा तुमच्या ओळखीतला, गावातला असेल, तर गुपचूप द्या आणि बँकेत तारीख लावून द्या म्हणजे विसरायला होणार नाही.

चॅलेंज घेणार असाल तर पैसे आधी, व्हिडिओ नंतर. क्यूआर स्कॅन केल्यावर नाव संस्थेचं येतं की कुणा व्यक्तीचं, ते बघा. व्यक्तीचं आलं तर थांबा आणि फोन करून विचारा. पावती मागा. आयकरात देणगीवरची सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता हवी, अशी संस्था देणगीचं प्रमाणपत्र देते, आणि दोन हजारांवरची रोख देणगी सवलतीत धरली जात नाही. नव्या करप्रणालीत ही सवलत मिळत नाही. एखाद्या रुग्णासाठी आवाहन असेल तर घरच्यांना एवढं विचारा की दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचा लाभ घेतलाय का. गोव्यात २०१६ पासून राज्य सरकारची ही आरोग्य विमा योजना आहे, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत आधार मिळतो. पुष्कळदा कार्डाचं नूतनीकरण राहिलेलं असतं. त्यांच्याबरोबर जाऊन ते करून देणं हे दान पाचशे रुपयांहून मोठं आहे.

आणि जिवावर बेतेल असं काही करू नका. अमेरिकेत २०१४ मध्ये विद्यार्थ्यांवर शिडीवरून पाणी ओतायला मदत करणाऱ्या अग्निशमन दलाच्या जवानाला विजेच्या तारेचा धक्का बसला आणि महिन्याभरात तो गेला. आपल्याकडे पावसात शेवाळलेल्या कातळावर रील करणारी मुलं बघितली की माझा जीव वरखाली होतो.

मी काल रात्री भाचीला फोन केला.

"करते मी फुगडी. पण पैसे आत्ताच पाठवले आणि व्हिडिओच्या शेवटी पावती दाखवणार. ज्या तिघींची नावं घेईन त्यांनीही दाखवायची."

"मावशी, मग आकडा सगळ्यांना दिसेल ना? कुणी शंभर दिले असतील तर लाजेल ती."

मी थोडा वेळ गप्प बसले. बरोबर होतं तिचं. "आकड्यावर अंगठा ठेवायचा," मी म्हटलं, "पावतीचा नंबर तेवढा दिसू दे."

सकाळी माळ्यावरून आईची तांब्याची कळशी काढली. चिंचेने घासून ठेवलीय. वहिनी कुंपणावरून बघत होत्या, म्हणाल्या, "दहा फेरे एकटीला व्हायचे नाहीत तुला, मी येते." त्यांची पावती मी आधीच फाडून ठेवलीय, रकमेची जागा कोरी सोडून.