लेपर्ड गेको: नऊ महिन्यांचा अनुभव आणि ओलाव्याबाबत झालेली माझी चूक

लेकीने वर्षभर धरलेला हट्ट शेवटी पुरवला आणि बुंदी, आमची लेपर्ड गेको (पाळीव पालीची एक जात), घरी आली. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. ही इथेच पैदास झालेली, रानातून पकडलेली नव्हे. रानातली कुणी विकत असेल तर घेऊच नका. या जातीचं मूळ घर म्हणजे अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला कोरडा, खडकाळ मुलूख. घरातल्या पालीसारखी ती भिंतीवर चढत नाही, आणि तिला पापण्या असतात. व्हिडिओ कॉलवर तिला डोळे मिटून झोपलेली पाहिलं तेव्हा कुठे माझ्या आईची किळस गेली.

'वाळवंटी' हा शब्द मनात धरून मी तिची राहायची टाकी अगदी ठणठणीत कोरडी ठेवली. इथेच चुकलं. तिसऱ्यांदा कात टाकल्यावर दोन बोटांवर पांढरी कड राहिलेली दिसली. एरवी कात ती स्वतःच खाऊन टाकते, म्हणून मी दोन दिवस थांबले. बोटावर राहिलेली कात सुकून आवळते, रक्त पोचत नाही आणि बोट गळतं. पशुवैद्यांनी कोमट पाण्यात ठेवून, ओल्या कापसाच्या काडीने ती हलकेच सोडवायला शिकवलं. एक बोट वाचलं, दुसऱ्याचं टोक गेलं. अजून त्या पायाकडे पाहिलं की मला भरून येतं. रानात हे जीव दिवसभर दगडांखाली, बिळांत असतात आणि तिथे ओल टिकते, हे आधी कळायला हवं होतं. आता झाकणाच्या डब्याला दार कापून आत ओलं शेवाळ ठेवलंय. तेव्हापासून प्रत्येक कात पूर्ण निघाली आहे.

हीट मॅट (टाकीला ऊब देणारी विजेची चटई) थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान आवाक्यात ठेवणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका, पोट भाजतं. आमच्याकडे उबेच्या बाजूची फरशी ३२ अंश, दुसरी बाजू २५ च्या आसपास. वाळू पोटात जाऊन अडकण्याची भीती, म्हणून खाली साध्या फरश्या.

खाणं म्हणजे जिवंत रातकिडे. त्यांना आधी गाजर-पालेभाजी खायला घालायची, मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. रातकिड्यांचा डबा घरात ठेवायची तयारी नसेल तर हा प्राणी आणू नका.

शेपटी जाड आहे ना, एवढं मी रोज पाहते. तिची चरबी तिथेच साठते. नीट सांभाळलं तर ही पंधरा-वीस वर्षं जगते. लेक आज नऊ वर्षांची आहे. ती शिकायला बाहेर पडेल तेव्हा बुंदी माझ्याकडेच राहील, हे आमचं आत्ताच ठरलंय.