‘गिव्ह अप’ची सीडी: सात महिने वापरल्यानंतर

द पोस्टल सर्व्हिस या अमेरिकन बँडचा हा एकुलता एक अल्बम बहुतेकांनी फोनवर ऐकलेला असतो, म्हणून ओळख करून देत बसत नाही. मी वापरलेली सीडी साडेआठशेला मागवली. पाकीट उघडलं तर डबीचं झाकण मधोमध तडकलेलं. त्यात दुसऱ्या गाण्याला, ‘सच ग्रेट हाइट्स’ला, घोळ. सुरुवातीचे टिपटिप सूर मधूनमधून गायबच!

विक्रेत्याला तीन मेल केले, दोन फोन केले. उत्तर एकच, “सीडी तपासून पाठवलीय, तुमचा प्लेअर बघा.” पैसे परत नाहीत, निदान डबीचे तरी द्या म्हटलं तर तेही नाहीत. पहिले दोन महिने मी भेटेल त्याला ही सीडी घेऊ नका म्हणून सांगत होतो.

मग दिवाळीच्या साफसफाईत कपाट सरकवलं आणि डाव्या स्पीकरची वायर सुटलेली दिसली. एरवी आमच्याकडे जुनी मोनो गाणी लागतात, दोन्हीकडून सारखीच येतात, त्यामुळे इतके दिवस कळलंच नाही. वायर जोडली आणि तेच सूर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे उड्या मारायला लागले. त्या संध्याकाळी ती सुरुवात मी वीसेक वेळा तरी लावली असेल. सीडी चांगली आहे असं विक्रेत्याला कळवलं. डबीचा राग मात्र गेलेला नाही. पाकिटात पुठ्ठ्याचा एक तुकडा घालायला कितीसा खर्च येतो?

तेव्हा आधी दिलेले दोन तारे मागे, आता साडेचार. फोनवर ऐकत असाल तर सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू नाही ना, ते आधी बघा. एका कानात इयरफोन घालून हा अल्बम ऐकू नका. बँडमधला जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसहून वाद्यांचे ट्रॅक टपालाने पाठवायचा, गायक बेन गिबर्ड सिएटलमध्ये त्यांची काटछाट करून शब्द आणि आवाज चढवायचा. बँडचं नाव त्यावरूनच पडलं. इतक्या लांबून जुळवलेलं काम अर्धंच ऐकायचं म्हणजे अन्याय आहे.

फेब्रुवारी 2003 मध्ये सब पॉप या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याची नोटीस आली, हे नाव आमचं आहे म्हणून. पण ते भांडण फार छान मिटलं. नाव वापरायची परवानगी मिळाली, बदल्यात बँडने टपालाचा प्रचार करायचा, आणि खात्याने आपल्या वेबसाइटवर हीच सीडी विकायला ठेवली. ग्राहकाशी वाद घालणाऱ्यांनी हे वाचावं.

गाण्यांत माझं आवडतं चौथं, ‘नथिंग बेटर’. गिबर्ड विनवण्या करत असतो आणि गायिका जेन वुड त्याला मध्येच अडवून सुनावते. दर वेळी तिचंच पटतं. शेवटचं ‘नॅचरल अँथम’ मात्र सात महिन्यांतही पचलं नाही. पाच मिनिटांचं गाणं आणि गाणारा आवाज अगदी शेवटाकडे. नववं संपलं की मी बंद करतो.

2013 ची दोन सीडींची आवृत्ती घ्यावी का? दोन नवी गाणी आणि इतरांनी गायलेल्या आवृत्त्या हव्या असतील तर घ्या. मला ही एक पुरते. रद्दीवाल्याकडे जुन्या कॉम्प्युटर सीडीची धड डबी मिळाली, त्याने पैसेही घेतले नाहीत. कव्हरचा कागद तिच्यात नीट बसला.