मलब्याचे पेव्हर ब्लॉक: अंगणात एक पावसाळा काढल्यावर

इंदूरला लोकमान्य नगरात आमचं जुनं बैठं घर आहे. गेल्या उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भिंत पाडली आणि दोन ट्रॉल्या मलबा निघाला. आमच्याकडे कचरा सहा प्रकारांत वेगळा होतो. ओला कचरा देवगुराडियाच्या कचरा प्रकल्पात जातो, २०२२ पासून तिथे त्याचा सीएनजी होतो, हे आई आल्यागेल्याला कौतुकाने सांगते. मग विटांचे तुकडे नाल्याकाठी लोटायचे हे तिला पटणारच नव्हतं. मलबा रीतसर उचलायला दिला आणि अंगणासाठी मुद्दाम मलब्यापासून केलेले ब्लॉक आणले. ६० मिलिमीटर जाडीचे, नागमोडी, ४३० नग.

एक तुटका ब्लॉक फोडून पाहिला. आत विटेचा लाल चुरा, काळी खडी आणि नखाएवढी निळी कपची; कुणाच्या तरी न्हाणीघरातली टाइल असणार.

मलबा नीट धुतला नाही, माती राहिली, तर ब्लॉक पाणी पितो. पेव्हर ब्लॉकसाठीच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकात वजनाच्या सरासरी ६ टक्क्यांपर्यंत पाणी शोषायची मुभा आहे. उन्हात वाळवलेला ब्लॉक ४ किलो ६०० ग्रॅम भरला. २४ तास बादलीत बुडवून, पुसून, ४ किलो ८५०, म्हणजे साडेपाच टक्क्यांच्या आत. घरच्या काट्यावरचं माप, पण माझी खात्री पटली.

मिस्त्री सिमेंटवर बसवायचं म्हणत होता. मी ऐकलं नाही. खाली इंचभर रेती, फटींत बारीक रेती, बस. आधीच्या कोब्यावरून सगळं पाणी गल्लीत जायचं. यंदा बरंचसं अंगणातच मुरलं. तुळशीपाशी एक ओळ जराशी खचली होती, ब्लॉक उचलून रेती भरली, अर्ध्या तासाचं काम.

तक्रार दुकानदाराबद्दल आहे. ३१ नगांचे कोपरे उडालेले होते. ‘मलब्याचा माल असाच असतो’ म्हणाला. साफ खोटं! पुरेसं पाणी न मारता माल घाईने गाडीत भरला की कोपरे झडतात, मग खडी नवी असो की जुनी. १८ बदलून दिले, बाकीचे कापून कडेला लावले. दोन खेपांचा रंगही जुळत नाही.

अंगणाला, पायवाटेला जरूर घ्या. माल उतरतानाच मोजा, चाचणीचा अहवाल मागा, सगळा एकाच खेपेत आणा. मागच्या बोळासाठी मी हेच ब्लॉक पुन्हा घेणार आहे, दुसऱ्या दुकानातून.