क्षारपड जमीन सुधारण्यापूर्वी काय मोजावे: मृदा आरोग्य पत्रिका, उपग्रहचित्रे की शेतातील निरीक्षण नळ्या?

कृष्णा आणि वारणा काठची मिरज, वाळवा, पलूस व शिरोळ तालुक्यांतील काळी जमीन आज अनेक गावांत पांढरी पडलेली किंवा पाणथळ झालेली दिसते. त्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत: उपसा सिंचनाचे मुबलक पाणी, त्याच शेतात वर्षानुवर्षे ऊस आणि खोडवा, चिकण मातीचा मंद निचरा आणि बुजत गेलेले ओढे-नाले. हा प्रश्न जुनाही आहे. नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९१० पर्यंत पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील हॅरॉल्ड मान यांना नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींचा स्वतंत्र अभ्यास करावा लागला. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारबाधित आहे आणि त्यात चोपण, म्हणजे सोडियममुळे बिघडलेल्या, जमिनीचे क्षेत्र क्षारयुक्त जमिनीच्या दुपटीहून अधिक आहे.

हा आढावा अशा शेतकरी गटासाठी लिहिला आहे, ज्याला आपल्या शिवारात सच्छिद्र पाइपांची भूमिगत निचरा योजना करायची आहे, कर्ज काढावे लागणार आहे आणि त्याआधी जमिनीची तपासणी कशी करावी हे ठरवायचे आहे. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने अशी कामे मोठ्या प्रमाणावर झाली आहेत आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी संशोधन केंद्राने निचऱ्याच्या पद्धतींवर काम केले आहे. त्यामुळे निचरा उपयोगी पडतो की नाही, हा आता वादाचा विषय राहिलेला नाही. प्रश्न एवढाच आहे की आपल्या जमिनीला नेमके काय झाले आहे आणि सुधारणा खरोखर होते आहे की नाही, हे कोणत्या मोजमापावरून कळेल. समोर तीन मार्ग असतात: शासनाची मृदा आरोग्य पत्रिका, उपग्रहचित्रांवरून केलेले नकाशे, आणि गटाने स्वतः शेतात निरीक्षण नळ्या, म्हणजे जमिनीखालच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या उभ्या नळ्या, बसवून ठेवलेल्या नोंदी.

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झाली. तिच्यात १२ घटक असतात: सामू (पीएच), विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप), सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये. पिकाला खत किती द्यावे, हे ठरवण्यासाठी ती तयार झाली आहे आणि त्या कामासाठी ती चांगली आहे. क्षारपड जमिनीचा निर्णय तिच्यावरून घ्यायला गेले की मात्र अडचणी सुरू होतात. पहिली अडचण नमुन्याची आहे. योजनेच्या मूळ निकषानुसार बागायती क्षेत्रात २.५ हेक्टरच्या चौकटीतून एक नमुना घेतला जातो. २.५ हेक्टर म्हणजे सुमारे २५० गुंठे, आणि क्षारपड शिवारात दहा गुंठ्यांच्या आत जमीन चांगल्याची वाईट होऊ शकते. दुसरी अडचण खोलीची आहे. खतासाठीचा नमुना वरच्या १५ ते २० सेंटिमीटरमधून घेतात, आणि ऊस मरतो तो बहुधा त्याखालच्या थरांत साठलेल्या क्षारांमुळे आणि पाण्यामुळे.

तिसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण तिच्यामुळे चुकीची खरेदी होते. जमीन क्षारयुक्त आहे की चोपण, हे ठरवण्यासाठी तीन आकडे एकत्र पाहावे लागतात. संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्काची वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त, विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेला) सोडियम १५ टक्क्यांपेक्षा कमी आणि सामू ८.५ च्या आत असेल, तर जमीन क्षारयुक्त. वाहकता ४ पेक्षा कमी, पण सोडियम १५ टक्क्यांच्या वर आणि सामू ८.५ च्या पुढे असेल, तर ती चोपण. वाहकता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील, तर क्षारयुक्त-चोपण. पत्रिकेत विनिमययोग्य सोडियम नसतोच. शिवाय तिच्यातील वाहकता सहसा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी यांच्या मिश्रणात मोजलेली असते. त्या पातळ मिश्रणातील आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो. पत्रिकेवर दीड हा आकडा पाहून आणि चारची मर्यादा आठवून ‘आपली जमीन ठीक आहे’ असे समजणारा शेतकरी दोन वेगळ्या मापांची तुलना करत असतो. काळ्या, चिकण मातीत तर सोडियम १५ टक्क्यांच्या बऱ्याच खाली असतानाच मातीची रचना बिघडू लागते, म्हणून पुस्तकातील ती मर्यादाही येथे सैल ठरते.

या भेदाला महत्त्व देण्याचे कारण खर्चाचे आहे. निव्वळ क्षारयुक्त जमिनीत जिप्सम टाकण्याने काही साधत नाही. तिथे निचरा हवा आणि क्षार धुऊन नेणारे गोडे पाणी हवे. चोपण जमिनीत उलट, नुसता निचरा केला तरी पाणी मुरतच नाही, कारण सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रे बुजवतात; तिथे कॅल्शियम पुरवणारे जिप्सम, किंवा जमिनीत मुक्त चुना भरपूर असेल तर तो विरघळवणारे गंधक, आधी लागते. क्षारयुक्त-चोपण जमिनीत सर्वांत जास्त सावधगिरी हवी. तिच्यातील क्षारच मातीचे कण एकत्र धरून ठेवत असतात. निचरा करून क्षार धुतले आणि सोडियमची व्यवस्था केली नाही, तर पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर जमीन पूर्वीपेक्षा घट्ट होऊ शकते, आणि वाहकतेचा आकडा तर सुधारलेला दिसत असतो.

उपग्रहचित्रांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात, एकाच जागेचे चित्र साधारण पाच दिवसांनी पुन्हा येते, आणि त्यांतील एक ठिपका १० मीटर लांब व १० मीटर रुंद असतो. आपला एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ तेवढाच. एकरात असे ४० ठिपके पडतात. संपूर्ण शिवारात ऊस कुठे सतत मागे पडतो, तो पट्टा वर्षागणिक वाढतो आहे का, जुना ओढा कुठून जात होता, हे एका नजरेत दाखवणारे दुसरे साधन नाही. उपग्रह २०१५ पासून चित्रे घेत असल्यामुळे मागील वर्षांचा मागोवाही घेता येतो, आणि हा लाभ नळ्या किंवा माती परीक्षण देऊ शकत नाही.

तथापि उपग्रहाला पाने आणि जमिनीचा वरचा पृष्ठभागच दिसतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, मग खोडवा. त्यामुळे या पट्ट्यात उघडी माती फार थोडे दिवस दिसते, आणि जून ते सप्टेंबर ढगांमुळे चित्रेच कमी मिळतात. पीक पिवळे दिसले तर ते क्षारांमुळे, साचलेल्या पाण्यामुळे, हुमणीमुळे की पाण्याची पाळी चुकल्यामुळे, हे चित्र सांगत नाही. पांढरा थर आलेली क्षारयुक्त जमीन चकाकते, म्हणून सापडते. चोपण जमीन अनेकदा काळपट दिसते, कारण तिच्यातील सेंद्रिय पदार्थ विरघळून वर आलेले असतात, म्हणून ती निसटते. राज्यात चोपण जमीनच जास्त आहे, हे येथे विसरता कामा नये. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशासंग्रहानुसार २०१८-१९ मध्ये देशाची ९७.८५ दशलक्ष हेक्टर जमीन अवनत, म्हणजे कस गमावलेली, होती. राष्ट्रीय धोरणासाठी हा आकडा मोलाचा आहे, पण ज्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, त्यावरून कोणाच्या शेतात पाइप घालावा हे ठरत नाही.

तिसरा मार्ग सर्वांत साधा आहे आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. दोन-तीन मीटर लांबीची पीव्हीसी नळी घ्यायची, खालच्या भागाला छिद्रे पाडून त्यावर जाळी गुंडाळायची, उभ्या खड्ड्यात बारीक खडीसह बसवायची, जमिनीलगत सिमेंटची कड करायची म्हणजे सरीचे पाणी थेट आत उतरणार नाही, आणि वर टोपण लावायचे. आठवड्यातून एकदा टेप सोडून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहायचे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, पण ती माहिती परिसरातील भूजलाची असते. मुळांच्या थरात काय चालले आहे, ते अशी उथळ नळीच दाखवते.

या नोंदींवरून जे निर्णय निघतात, ते अन्य दोन्ही मार्गांनी निघत नाहीत. फेब्रुवारी ते मे या काळातही पाणी दीड मीटरच्या आत राहत असेल, तर केशाकर्षणाने, म्हणजे मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर, क्षार वर येत राहणार आणि निचऱ्याशिवाय कोणतेही खत किंवा भूसुधारक टिकाऊ उपयोगाचे नाही. पाळी दिल्यावर पातळी वर येऊन काही दिवसांत पुन्हा खाली जात असेल, तर दोष बहुधा आपल्याच अतिरिक्त पाण्यात आहे, आणि पाळ्या कमी करणे किंवा ठिबक बसवणे हा पाइपांपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आधी करून पाहता येतो. आपली मोटार बंद असतानाही पातळी हलत नसेल, तर पाणी वरच्या अंगाच्या शेतांतून किंवा कालव्यातून येत आहे. अशा ठिकाणी आपल्या शेतात पाइपांचे जाळे दाट करण्याऐवजी वरच्या बांधालगत पाणी अडवणारा खोल चर काढावा लागतो. भारी मातीत नळीतील पातळी सावकाश बदलते, आणि उन्हाळ्यात भेगांतून सरीचे पाणी थेट खाली जाऊन एखादी नोंद फसवी येते. म्हणून एका नळीवर विसंबू नये आणि एका आठवड्यावर तर मुळीच नाही.

नळ्यांच्या जोडीला थरवार मातीचे नमुने हवेत: ० ते १५, १५ ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर. दरवर्षी मे महिन्यात, त्याच खुणेच्या जागी, त्याच प्रयोगशाळेतून, आणि सोडियमसह तपासणी मागून. सरी-वरंब्यात क्षार वरंब्याच्या माथ्यावर साठतात, तर ठिबकाखाली ओलाव्याच्या कडेला. म्हणून एका वर्षी वरंब्यावरून आणि दुसऱ्या वर्षी सरीतून माती घेतली, तर येणारा फरक जमिनीतील नसून जागेचा असतो. सोडियमचा प्राथमिक अंदाज घरीही घेता येतो. वाळलेले छोटे ढेकूळ काचेच्या ग्लासात पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे आणि न हलवता काही तास ठेवावे. भोवती दुधाळ गढूळपणा पसरला, तर सोडियमचा संशय धरून नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. विहिरीचे पाणी या चाचणीला वापरू नये, कारण त्यातील क्षार गढूळपणा दाबून टाकतात. जमीन क्षारयुक्त-चोपण असेल, तर तिचे स्वतःचे क्षारही तेच करतात, म्हणून पाणी स्वच्छ राहिले याचा अर्थ सोडियम नाही असा घेता येत नाही.

पाइप बसल्यानंतर सर्वांत बोलकी नोंद निचऱ्याच्या चेंबरवर, म्हणजे पाइपांचे पाणी जिथे बाहेर येते तिथे, मिळते. बाहेर पडणाऱ्या पाण्याची वाहकता आणि प्रवाह मोजला की जमिनीतून किती क्षार गेले, याचा हिशेब करता येतो. १ डेसीसायमन प्रति मीटर वाहकता म्हणजे लिटरमागे सुमारे ६४० मिलिग्रॅम क्षार. दिवसाला एक मिलिमीटर निचरा झाला, तर हेक्टरी १०,००० लिटर पाणी बाहेर पडते. त्याची वाहकता ५ असेल, तर त्यासोबत रोज सुमारे ३२ किलो क्षार शेताबाहेर जातात. हा आकडा महिन्यागणिक उतरत गेला की धुलाई पुढे सरकते आहे. प्रवाहच आटला आणि नळ्यांतील पातळी मात्र वरच राहिली, तर पाइप कुठेतरी चोंदला आहे किंवा माती पाणी सोडत नाही, आणि उसाचा फड पिवळा पडण्याच्या कितीतरी आधी ते कळते.

म्हणून निर्णय करायचा झाल्यास माझी पसंती स्पष्ट आहे. पैसा आणि माणसे मर्यादित असतील, तर आधी नळ्या आणि सोडियमसह थरवार माती परीक्षण. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा नोंदी झाल्याशिवाय पाइपांच्या अंतराचा आराखडा मान्य करू नये. शिवार शंभर-दोनशे एकरांचे असेल, तर नळ्या कुठे बसवायच्या हे ठरवण्यासाठी उपग्रहचित्रे जरूर पाहावीत, पण त्यांच्यावरून जमिनीचा प्रकार ठरवू नये. मृदा आरोग्य पत्रिका क्षार आटोक्यात आल्यानंतर, खतांचे नियोजन करताना उपयोगी पडेल. सेंद्रिय कर्बाचा आकडा तिच्यात पाहावा, पण तो वर्षभरात फारसा हलत नाही. धैंचा हे हिरवळीचे खत गाडल्यानंतर पुढच्याच वर्षी तो वाढला नाही म्हणून कोणी निराश होऊ नये. नोंदवहीची जबाबदारी एका ठरावीक माणसावर टाकावी आणि त्यासाठी मानधन ठेवावे, कारण स्वयंसेवेवर चाललेली आठवड्याची नोंद ऊसतोडीच्या हंगामात हमखास तुटते.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या भागांत आज परिस्थिती वेगळी आहे. तिथल्या हलक्या, उताराच्या जमिनीत झीज हा मुख्य प्रश्न असल्याने मातीची खोली, पाणी मुरण्याचा वेग आणि सेंद्रिय कर्ब यांना प्राधान्य द्यावे लागते, आणि उघडी जमीन जास्त काळ दिसत असल्यामुळे उपग्रहचित्रेही अधिक कामी येतात. मात्र म्हैसाळ आणि टेंभू योजनांचे पाणी याच तालुक्यांत पोहोचले आहे, आणि सखल भागातील काळ्या जमिनीत उसाखालचे क्षेत्र वाढले, तर कृष्णाकाठी जे झाले ते तिथेही होऊ शकते. त्या सखल शिवारांत निरीक्षण नळ्या आत्ताच, पाणी अजून खोल असताना, बसवाव्यात आणि पहिल्या वर्षाच्या नोंदी ग्रामपंचायतीच्या दप्तरात जमा कराव्यात.