ब्रेक पॅड आणि डिस्क: घरी बदलायचे, मिस्त्रीकडे की सर्व्हिस सेंटरला?

आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. पहिल्यांदाच हात घालत असाल आणि सपाट जागा असेल, तर पुढच्या चाकांचे नुसते पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटून गाडी थांबवणारे तुकडे) घरी बदला. डिस्कही (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) बदलायची वेळ आली असेल आणि गाडी पाच-सात पावसाळे पाहिलेली असेल, तर सामान तुम्ही आणा आणि काम ओळखीच्या मिस्त्रीकडे, समोर उभं राहून करून घ्या. गाडी वॉरंटीत असेल तर मुकाट्याने सर्व्हिस सेंटरला जा. वॉरंटीत घासून जाणारे पॅड धरत नाहीत हे खरं, पण उद्या त्याच चाकात दुसरं काही निघालं तर ‘बाहेर काम केलंय’ हे वाक्य ऐकून घ्यायची तयारी हवी.

हे सगळं पुढच्या चाकांपुरतं. स्विफ्ट, वॅगनआर, टियागो असल्या गाड्यांना मागे ड्रम असतात. त्यातले लायनर बदलणं हे स्प्रिंगांशी कुस्ती खेळण्याचं काम आहे, नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. मागेही डिस्क आणि हँडब्रेक बटणावरचा असेल, तर पॅड डिस्कवर दाबणारा मागचा पिस्टन आत घ्यायला गाडीला आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं आणि त्यासाठी बहुतेक वेळा स्कॅनर लागतो. तो पिस्टन क्लॅम्पने रेटला तर हँडब्रेकची यंत्रणाच खराब होऊ शकते.

पैशांचा हिशेब

बहुतेकांची सुरुवात ‘मजुरी वाचेल’ इथून होते. तर मोघम आकडे बघा. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या पॅडचा बरा सेट हजार ते अडीच हजारात येतो, डिस्कची जोडी तीन ते सहा हजारात. एवढा खर्च तिन्ही वाटांनी आहेच. गल्लीतला मिस्त्री नुसत्या पॅडची मजुरी पाचशेच्या आसपास घेतो. सर्व्हिस सेंटरची त्याच्या दुप्पट-तिप्पट होते आणि बिलात ‘ब्रेक क्लीनिंग’ची एक ओळ वाढते. आता घरची बाजू: दोन टनी घोड्यांची (उचललेली गाडी पेलणाऱ्या स्टँडची) जोडी, ठरलेल्या जोराने नट आवळणारा टॉर्क रेंच, गोट्यांचा (सॉकेटचा) सेट, सी-क्लॅम्प, ब्रेक क्लीनरचा कॅन आणि पिनांचं ग्रीस. काहीच नसेल तर पाच-सहा हजार सहज उडतात. पॅड साधारण तीस ते पन्नास हजार किलोमीटर चालतात. म्हणजे हत्यारांचे पैसे वसूल व्हायला तप-दोन तपं जातील. बचत म्हणून करणार असाल तर हा विचार इथेच सोडा.

घरी करण्यातला खरा फायदा वेगळा आहे. मिस्त्री पाऊण तासात दोन्ही चाकं उरकतो. त्या घाईत कॅलिपरच्या (पॅड आणि पिस्टन धरणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना बाहेर काढून पुसणं आणि नवं ग्रीस लावणं हे काम बहुतेक वेळा राहून जातं. तुम्ही अर्धा दिवस लावणार, पण पिना तुमच्या हातात येणार. काढलेले जुने पॅड फेकायच्या आधी आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून पाहा. बाहेरच्यावर पाच मिलिमीटर माल शिल्लक आणि आतला लोखंडाला टेकलेला, असं दिसलं तर दोष पॅडचा नाही. कॅलिपर सरकत नाहीये, पिन जाम आहे किंवा पिस्टन नीट मागे जात नाहीये. तसेच नवे पॅड बसवले तर वर्षभरात तेही एका बाजूने खाल्ले जातील. ही दोन पत्र्यांची साक्ष गॅरेजमध्ये तुम्हाला कोणी आपणहून दाखवत नाही.

घरचं काम कुठवर, पुढचं कोणाचं

माझी रेघ सरळ आहे: ब्रेक ऑइलची लाइन उघडावी लागत नाही तोवर काम घरचं. पॅड बदलताना ती उघडावी लागत नाही. चाक काढलं, कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला, कॅलिपर वर उचलला, पॅड बाहेर. पिस्टन क्लॅम्पने हळूहळू आत दाबायचा. तो आत जातो तसं ऑइल वरच्या डबीत चढतं. मधल्या काळात कोणी डबी काठोकाठ भरून ठेवली असेल तर ते बाहेर सांडणार, आणि हे ऑइल गाडीचा रंग सोलून काढतं. म्हणून झाकण उघडून, भोवती फडकं लावून, एक डोळा तिकडे ठेवायचा. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी. कॅलिपर पूर्ण काढावा लागला तर तो रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. पिनांना साधं चेसिसचं ग्रीस चालत नाही, त्याने रबरी टोप्या फुगतात. ब्रेकसाठीचं सिलिकॉनचं घ्या.

डिस्कला मात्र कागदावर एकच पायरी जास्त आहे, आणि सगळी रड तिथेच आहे. डिस्क निघायला कॅलिपरचा ब्रॅकेट काढावा लागतो. त्याचे दोन बोल्ट जाड असतात, घट्ट असतात, आणि कोकणात किंवा गोव्यात चाललेल्या गाडीवर गंजून एकजीव झालेले असतात. त्यांना लांब दांडा लावून हिसका द्यावा लागतो. हा हिसका नुसत्या जॅकवर उभ्या गाडीला दिलात तर गाडी जॅकवरून उतरेल, म्हणून घोडी. गाडीबरोबर येणारा कात्री जॅक फक्त स्टेपनी बदलायला आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातही घालू नका.

पुढे मॉडेलप्रमाणे नशीब. मारुतीच्या बऱ्याच डिस्कवर आट्यांची दोन छोटी भोकं असतात. त्यात आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट आळीपाळीने पिळले की डिस्क हबवरून (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या मधल्या भागावरून) ‘टण्’ करून सुटते. फार सुरेख सोय आहे ही. ह्युंदाई आणि होंडाच्या अनेक गाड्यांत उलट प्रकार: डिस्क धरायला चौफुली खाच असलेले स्क्रू, आणि साधा स्क्रूड्रायव्हर लावला की खाच गोल होऊन बसते. मग हातोडीच्या ठोक्याने फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, नाहीतर ड्रिल मारा. रविवारी दुपारी गाडी तीन चाकांवर उभी आणि दुकानं बंद, हा प्रसंग नवशिक्यावर इथेच येतो. मिस्त्रीकडे हा स्क्रू सोडवणं दोन मिनिटांचं काम आहे, कारण त्याच्याकडे त्यासाठीचं हत्यार आहे आणि स्क्रू तुटलाच तर पुढे काय करायचं हेही त्याला ठाऊक आहे.

तरी डिस्क घरी करायचीच असेल, तर सगळ्यात जास्त वेळ हबच्या तोंडावरचा गंज काढण्यात घाला. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, आणि बोट फिरवून खात्री. गंजाची एक खपली मागे राहिली तर डिस्क किंचित तिरकी बसते. आज काही कळत नाही, काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक दाबला की पेडल आणि स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात ‘डिस्क वाकली’. ती वाकलेली नसते, तिरकी फिरून फिरून जाडीला असमान झालेली असते. गॅरेजमध्ये काम देत असाल तर तुम्ही समोर उभं राहायचं ते याच पायरीसाठी. ‘जरा हब घासून घ्या’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

नवी डिस्क की लेथवर फेस?

फेस म्हणजे जुनीच डिस्क लेथवर चढवून तिचा पृष्ठभाग सपाट करून घेणं. हा पर्याय मिस्त्री स्वतःच सुचवतो, कारण दोन्ही डिस्कचं काम काहीशे रुपयांत होतं. वाईट नाही, पण अट एकच: डिस्कच्या कडेला किंवा मधल्या टोपीवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. लेथवरून उतरल्यावर डिस्क त्या आकड्याच्या चांगली वर राहिली पाहिजे. पातळ डिस्क लवकर तापते, आणि खंबाटकी किंवा आंबोली उतरताना तापलेला ब्रेक काय करतो ते अनुभवून बघायची गरज नाही. मोजायला नुसता व्हर्नियर कॅलिपर नको, कारण बाहेरच्या कडेला न घासलेली वरंबी उरते, जबडे तिच्यावरच टेकतात आणि आकडा फसवा येतो; मायक्रोमीटर वापरा. सर्व्हिस सेंटरने ‘डिस्क बदलावी लागेल’ म्हटलं तर हाच प्रश्न विचारा: जाडी किती भरली आणि किमान किती? उत्तर मिलिमीटरमध्ये आलं तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पॅडचंही तसंच. तीन मिलिमीटरवर माल आला की बदलायची वेळ झाली. त्याआधी नुसता आवाज येतोय म्हणून सेट बदलू नका, कधीकधी मधे अडकलेला खडाही किंचाळतो.

सामान कुठलं, यात मी हट्टी आहे. गाडीच्या कंपनीचं किंवा बॉश, ब्रेम्बो, राणे अशा नावाजलेल्या कंपनीचं, पक्क्या बिलाने. पुण्यात नाना पेठेत सगळं मिळतं, आणि ‘सेम टू सेम ओरिजिनल’ही मिळतं. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे बिनबिलाच्या मालाचा मोह तसाही कमी व्हायला हवा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दरवाजे, आरसे, दिवे जुने घ्या, पण ब्रेकचं काही नको.

जागेचा प्रश्न

पुण्या-मुंबईच्या सोसायटीत निम्मे निर्णय इथेच होतात. उताराचं बेसमेंट, वरखाली सरकणारं स्टॅक पार्किंग किंवा पेव्हर ब्लॉकची हलती जमीन असेल तर विषय संपला, मिस्त्रीकडे जा. पक्का सपाट कोबा हवा, मागच्या चाकांना विटा हव्यात. आणि पॅडची काळी भुकटी फुंकून किंवा हवा मारून उडवायची नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून खाली वर्तमानपत्रावर घ्यायची. सेक्रेटरीही खूश, फुप्फुसंही.

काम घरी होवो की बाहेर, शेवटचा तास तुमचाच. गाडी हलवण्याआधी पेडल पंप करा. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. तसंच पार्किंगमधून निघालात तर समोरची भिंत गाडी थांबवेल. नव्या डिस्कवर गंज न लागण्यासाठी तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो बसवण्याआधी क्लीनरने पुसलेला हवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने आवळा. मारुतीच्या छोट्या गाड्यांना ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या पट्ट्यात सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. मग रिकाम्या रस्त्यावर ताशी पन्नास-साठवरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा मध्यम ब्रेक लावा आणि मधे डिस्क गार व्हायला वेळ द्या. वास येईल, येऊ द्या. पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाट टाळा. शंभरेक किलोमीटरनंतर नट एकदा पुन्हा तपासा आणि ब्रेक ऑइलची डबी बघा: पातळी उतरलेली दिसली तर गाडी तिथेच लावा आणि मिस्त्रीलाच बोलवा.