मार्शल की बिन-प्रॉट: दोन ओकॅमल प्रोग्राममधील देवाणघेवाणीसाठी काय निवडावे

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यासाठी मी ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेतले दोन प्रोग्राम सांभाळतो. एक शेडमध्ये मागावरच्या प्रत्येक पाळीची नोंद घेतो, दुसरा ऑफिसात तिच्यावरून मजुरी काढतो. या दोघांत माहिती पाठवायला माझ्यापुढे मार्शल आणि बिन-प्रॉट हे दोन पर्याय होते; दोन्ही प्रोग्राममधली मूल्ये बाइट्समध्ये बदलतात आणि पलीकडे पुन्हा मूल्ये बनवतात.

मार्शल भाषेसोबतच येते, त्यासाठी वेगळे काही लिहावे लागत नाही, आणि चक्राकार (फिरून स्वतःकडेच येणारी) रचनाही ते जशीच्या तशी पोहोचवते. बिन-प्रॉटला हे जमत नाही. तरीही माझा कल बदलला तो एकाच गोष्टीने. मार्शलने वाचलेल्या मूल्याला आपण सांगू तो टाइप (मूल्याचा प्रकार) मिळतो आणि तो खरा आहे का, हे कोणीच तपासत नाही. आमच्या नोंदीत टॉवेल आणि चादरी हे पूर्णांकांचे दोन रकाने लागोपाठ होते. ऑफिसच्या बाजूला त्यांचा क्रम बदलला, शेडमधला प्रोग्राम जुनाच राहिला, आणि ४० टॉवेल व ६ चादरींची नोंद पलीकडे ६ टॉवेल व ४० चादरी म्हणून उतरली. प्रोग्राम कोसळला असता तरी परवडले असते. इथे मजुरीचा आकडा निमूटपणे चुकला.

बिन-प्रॉटमध्ये टाइपच्या घडणीचा डायजेस्ट, म्हणजे तिच्यावरून निघणारा छोटा ठसा, काढता येतो आणि रकान्यांचा क्रम बदलला की तोही बदलतो. मात्र जोडणी होतानाच दोन्ही बाजूंचे डायजेस्ट ताडून पाहण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. ते टाळले, तर इथेही हीच अदलाबदल होऊ शकते.

कोड पाठवण्याबाबत मार्शल वरकरणी सरस वाटते, कारण क्लोजरची (सोबतच्या मूल्यांसह बांधलेल्या फंक्शनची) मुभा दिली की फंक्शनही पाठवता येते. पण ते वाचणारा प्रोग्राम तंतोतंत त्याच कंपाइल केलेल्या कोडचा असावा लागतो, त्यामुळे एक बाजू नव्याने बांधली (कंपाइल केली) की पाठवलेले क्लोजर नाकारले जाते. बिन-प्रॉट फंक्शन पाठवतच नाही. म्हणून मी मजुरीचे नियम ‘नगामागे दर’, ‘ठरावीक नगांनंतर वाढीव दर’ अशा व्हेरियंटमध्ये, म्हणजे ठरावीक पर्यायांच्या टाइपमध्ये, मांडले. अगदी नव्या प्रकारचा नियम आला की दोन्ही प्रोग्राम पुन्हा बांधावे लागतात, हे खरे. पण एखादा प्रकार हाताळायचा राहिला तर कंपाइलर तिथेच इशारा देतो.

ज्यांना खरोखरच कोड फिरवायचा आहे आणि कोरी पाटी आहे, त्यांनी युनिसन ही प्रोग्रामिंग भाषा पाहावी, असे मला वाटते. तिथे प्रत्येक व्याख्येची ओळख तिच्या आशयावरून काढलेल्या ५१२ बिटांच्या हॅशने (ठशाने) ठरते आणि पलीकडे नसलेल्या व्याख्या मागवून घेता येतात. ज्यांचे काम ओकॅमलमध्येच आहे, त्यांना मी बिन-प्रॉट सुचवेन. मार्शल मी आता फक्त एकाच प्रोग्रामच्या तात्पुरत्या साठ्यासाठी वापरतो, आणि प्रोग्राम नव्याने बांधला की तो साठा पुसून टाकतो.